हिरव्या दोऱ्याच्या दोन गाठी

मिस्त्रीने ब्रेकच्या सिलिंडरमध्ये करंगळी घातली, फिरवली, बाहेर काढली आणि सरळ नाकाशी नेली. मग धाकटीकडे न बघताच त्याने विचारलं,

"ताई, तुमच्या घरी शिवणकाम कोण करायचं?"

धाकटी शेडच्या दाराशी बादली पालथी घालून बसली होती आणि नव्या ब्रेक ऑइलच्या डब्यावरचा बारीक मजकूर दुसऱ्यांदा वाचत होती. औषधांच्या दुकानात सत्तावीस वर्षं काढलेली बाई. हातात आलेली कुठलीही वस्तू दोनदा वाचल्याशिवाय ती खाली ठेवत नसे. एवढ्या वर्षांत तिच्या हातून एकही चुकीची बाटली गेली नव्हती, आणि हे ती कुणी न विचारताही सांगत असे.

"आई करायची. त्याचं इथे काय?"

"सांगतो." मिस्त्रीने चिमट्यात धरून एक काळी रबरी वाटी तिच्यासमोर केली. "ही आत दट्ट्यावर बसते. मापात, घट्ट. आता बघा, फुगून दीडपट झालीय आणि कडेला फाटलीय. ब्रेक ऑइलने रबर असं होत नाही. यात मशीनचं तेल पडलंय. शिवणाच्या मशीनचं. वास घेऊन बघा."

वास घ्यायची गरज नव्हती. तो तिच्यापर्यंत केव्हाच पोचला होता. शाळेतून घरी आलं की पहिल्यांदा हाच वास यायचा, मग मशीनचा आवाज, मग आई.

"असं तेल पडलं तर काय होतं?"

"आठ-पंधरा दिवस काही कळत नाही. गाडी चालते, ब्रेक लागतो, सगळं झकास. मग एक दिवस उतारावर पाय मारावा आणि पॅडल थेट खाली जावं. मग समोर जे येईल तोच ब्रेक."

धाकटी उठून उभी राहिली आणि लगेच पुन्हा बसली.

अडतीस वर्षांपूर्वी समोर भिंत आली होती. वीस वर्षांचा मोठा भाऊ गाडी चालवत होता, शेजारी आई, मागच्या सीटवर शिवून तयार झालेल्या कपड्यांचे गठ्ठे. गोदामाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर गाडी थांबलीच नाही. आईचा हात दार आणि भिंत यांच्यात सापडला. हात वाचला, पण त्या बोटांनी पुन्हा कधी सुईत दोरा ओवला नाही. त्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात भाऊ एवढंच म्हणाला, "ब्रेक लागला नाही." त्यावर बाबा ओरडले होते, "लागला नाही म्हणजे काय? पंधरा दिवसांपूर्वी मी माझ्या हाताने तेल भरलंय! दाबायला पाहिजे होता!"

अकरा वर्षांची धाकटी तिथेच खांबाला टेकून उभी होती. बाबांचं ते वाक्य तिच्यासाठी दगडावरची रेघ झालं.

बाबांनी चेपलेली गाडी ओढून आणवली, शेडमध्ये ढकलली, कुलूप घातलं आणि सांगितलं, "या घरात गाडीचं नाव काढायचं नाही." भावाने महिन्याभरात लांबच्या शहरात नोकरी धरली. सुट्टीला तो यायचा, तेव्हा धाकटी आपल्या खोलीचं दार लावून घ्यायची. आईची वेणी घालताना, तिची बटणं लावून देताना धाकटीला रोज नव्याने त्याचा संताप यायचा. आई म्हणायची, "अगं, त्याने पाय मारला होता. मी बघितलंय." पण आईची माया आंधळी, हे धाकटीला ठाऊक होतं. तिने ते बोलणं कधी हिशोबात धरलं नाही. दादा ही हाक बंद पडली आणि तो नुसता 'तो' झाला. परवा मिस्त्रीने गाडी कुणासाठी करायची म्हणून विचारलं, तेव्हा "माझ्या वडिलांच्या मोठ्या मुलासाठी," असं ती म्हणाली होती. हातातला पाना खाली ठेवून मिस्त्री बराच वेळ ते नातं जुळवत बसला होता.

बाबा गेल्या वर्षी गेले. मागे एक कागद ठेवून गेले, त्यावर दोनच ओळी. घर धाकटीला. गाडी मोठ्याला, चालती करून.

'चालती करून' वाचून धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. ज्याने आईचा हात घालवला, त्यालाच बक्षीस. आणि तेही आपण घासूनपुसून द्यायचं! पण शेवटची इच्छा म्हणजे तिच्या लेखी डॉक्टरची चिठ्ठी. आवडली नाही म्हणून कुणी त्यातलं औषध बदलत नाही. तिने शेडचं कुलूप कापवलं. आत उंदरांनी मागच्या सीटवर बिऱ्हाड थाटलं होतं, चारही चाकं जमिनीला चिकटली होती, दिव्यांच्या काचांवर कोळ्यांचे पडदे होते. मिस्त्री हा जुन्या गाड्यांचा वेडा माणूस. तो गाडीभोवती तीन फेऱ्या मारून म्हणाला होता, "ताई, हिला मेली म्हणू नका. झोपलीय." चार महिने तो दर दुपारी येत होता. इंजिन उघडून पुन्हा बसवलं, चेपलेलं नाक ठोकून सरळ केलं, वर तोच जुना राखाडी रंग चढवला. बाबा नेहमी म्हणत, "गाडी राखाडीच बरी. ती सगळ्यांना सारखी दिसते." त्या बोलण्याला घरात सगळे हसत.

ब्रेक तेवढे शेवटी ठेवले होते. रविवारी 'तो' येणार होता. किल्ली त्याच्या हातावर ठेवायची, कागदावर सही घ्यायची आणि या माणसाशी असलेलं उरलंसुरलं नातं मिटवून टाकायचं, एवढंच तिने ठरवलं होतं. आणि आज शुक्रवारी मिस्त्री ही रबराची वाटी नाचवत होता.

"तेल कोणी भरलं असेल?" मिस्त्रीने विचारलं.

"बाबांनी."

"मग झाली म्हाताऱ्याची चूक. होते हो. मी एकदा रेडिएटरमध्ये..."

"बाबांची नाही व्हायची," धाकटीने त्याला तोडलं. "त्यांची कुपी ठरलेली असायची. न बघता, नुसत्या हाताने ओळखायचे. त्यावर आई..."



"डिकीतलं सामान त्या खोक्यात काढून ठेवलंय," मिस्त्री म्हणाला. "कुप्याही आहेत त्यात दोन. बघा."

खोक्यात जॅक होता, गंजलेला पाना होता आणि कपड्याच्या तुकड्यात बांधलेलं एक गाठोडं होतं. कापड आईच्या शिलकीतलं, निळ्या चौकड्यांचं. धाकटीने ते मांडीवर घेऊन सोडलं. आत तेलाच्या दोन कुप्या निघाल्या, लांब चोचीच्या, जुळ्या बहिणींसारख्या एकसारख्या. एकीच्या गळ्यात लाल दोरा होता, दुसरीच्या गळ्यात हिरवा.

ते दोरे तिने ओळखले. ते तिनेच बांधले होते.

बाबांना लाल आणि हिरवा वेगळे दिसत नसत. हे धाकटीला कळलं ते वयाच्या चाळिशीत. बाबांनी सकाळची गोळी म्हणून रात्रीची घेतली आणि दिवसभर पेंगत राहिले, तेव्हा आईने तिला बाजूला घेऊन सांगितलं, "त्यांना रंग कळत नाहीत गं. बाहेर बोलू नकोस. लायसन्स जाईल म्हणून जन्मभर लपवलंय त्यांनी. मी आपली पहिल्यापासून सगळ्याला गाठी मारून ठेवायची. एक गाठ माझ्या मशीनची, दोन गाठी गाडीच्या." तेव्हापासून धाकटी बाबांच्या औषधांच्या बाटल्यांना गाठी मारू लागली. सकाळची एक, रात्रीच्या दोन. बाबा बोटाने गाठी मोजायचे आणि औषध तोंडात टाकायच्या आधी क्षणभर तिच्याकडे बघत राहायचे. आई गेली, त्यानंतरही सात वर्षं ते असेच बघत. लेक एवढं करते म्हणून बघतात, असं तिला वाटे. तिला त्याचा अभिमानही होता.

पण अकराव्या वर्षी तिला यातलं काही माहीत नव्हतं. सुट्टीचे दिवस होते. आईच्या हातात मोठं काम होतं, मशीनवरून मान वर करायला फुरसत नव्हती. "कुप्यांचे दोरे कुजलेत बघ, बदलून टाक," आई म्हणाली होती. धाकटीने तेलकट जुने दोरे कात्रीने कापून फेकले. त्यांना गाठी किती आहेत, हे तिने मोजलं नाही. दोऱ्याच्या गाठी कोण मोजतं? गाडीच्या कुपीला लाल दोरा बांधला, एक गाठ मारून मोकळी झाली. हिरवी आईची. आईची म्हणून ती जरा निगुतीने बांधली, गाठीवर गाठ, फुलासारखी. मग घरभर ओरडत सुटली होती, "लाल गाडीची, हिरवी आईची!" आईने मान खाली घालूनच 'हं' म्हटलं. दादा तिची वेणी ओढून म्हणाला होता, "कळलं गं, ढालगज." दोन्ही कुप्या तिने शेडमधल्या फळीवर परत ठेवल्या. बाबा तेव्हा कामावर होते.

धाकटीने डोळे मिटले आणि हिरव्या दोऱ्यावरून अंगठा फिरवला. एक. दोन.

मिस्त्री काहीतरी बोलत होता. त्याचे ओठ हलताना दिसत होते, शब्द मात्र ऐकू येत नव्हते. बाबा शेडमध्ये येतात, फळीवर हात फिरवतात, दोन गाठी बोटाला लागतात, आणि ते निर्धास्तपणे कुपी ओततात. आपल्या हाताने. तिच्या गाठीवर विसंबून.

"ताई? पाणी आणू का?"

"नको. काय म्हणालात?"

"म्हटलं, आणखी एक गंमत आहे. हे नट ठोकर लागल्यानंतर कोणीतरी उघडलेत. पत्रा सरळ करायच्या आधीच मी बघून ठेवलं होतं. पान्याचे ओरखडे चेपलेल्या भागावर होते. म्हणजे आधी भिंत, मग पाना. कोणीतरी आत बघितलं, त्याला कळलं, आणि आहे तसंच परत लावून वर कुलूप घातलं." मिस्त्रीने मान हलवली. "आता कोंबडं झाकलं म्हणून काय उजाडायचं राहतंय?"

धाकटीने कुप्या पुन्हा त्या कापडात गुंडाळल्या. गाठ मात्र चटकन बसेना. अडतीस वर्षं आपण कुणाकडे बोट दाखवत होतो? दवाखान्यातल्या त्या एका वाक्यानंतर बाबांनी भावाला पुन्हा कधी दोष दिला होता का? तिने आठवून पाहिलं, पुन्हा पुन्हा पाहिलं. नाही. आईने कधीच नाही. बोलत होती ती एकटीच.

"मिस्त्री," ती म्हणाली, "रविवारी ते येतील, तेव्हा यातलं काही..."

"मी कशाला बोलतोय? आणि अडतीस वर्षांचं कोण विचारायला बसलंय? द्या इकडे, भंगारात टाकतो कुप्या."

त्याने हात पुढे केला. धाकटीने गाठोडं आपल्या पिशवीत घातलं आणि पिशवी छातीशी धरून घरात गेली.

दोन रात्री ती झोपली नाही. शनिवारी दुकानात तिने एका म्हाताऱ्याच्या खोकल्याच्या औषधाची बाटली चार वेळा वाचली, तरी ती त्याच्या हातात द्यायचा धीर होईना. शेवटी त्यानेच ती ओढून घेतली. सांगून टाकावं, असं ठरवलं की पहिलंच वाक्य सापडत नसे. न सांगता किल्ली द्यावी, असं ठरवलं की हिरवा दोरा अंगठ्याला लागायचा.

रविवारी सकाळी भाऊ बसमधून उतरून चालत आला. हातात एक कापडी पिशवी, केस पूर्ण पांढरे. गेली तीस वर्षं तो लोकांना गाडी चालवायला शिकवत होता. ते ऐकून धाकटी एकदा कडवटपणे म्हणाली होती, आंधळा वाट दाखवतोय. आता तो फाटकातून आत आला आणि तिला आईचीच चाल दिसली, किंचित उजवीकडे झुकलेली.

"कशी आहेस?" त्याने विचारलं.

"बरी आहे." सांगायचं होतं ते बाजूलाच राहिलं. "चहा घेणार?"

"आधी बघू दे."

मिस्त्रीने शेडची दारं उघडली आणि गाडी उजेडात ढकलली. भाऊ जागच्या जागी थबकला. मग हळूहळू तिच्याभोवती फिरला. नाकावर, जिथे पत्रा आत गेला होता, तिथे त्याने तळहात ठेवला. कितीतरी वेळ तो हात त्याने उचलला नाही.

"तोच रंग," तो म्हणाला.

"सगळ्यांना सारखा दिसतो," धाकटी म्हणाली. हेच ते, इथूनच सुरुवात करावी, असं तिला वाटलं. "मला तुला एक... कागदावर सही लागेल. दोन ठिकाणी."

मिस्त्रीने घसा खाकरला आणि विडी ओढायच्या निमित्ताने तो फाटकाबाहेर गेला.

भाऊ आत चालकाच्या सीटवर बसला. दोन्ही हात स्टिअरिंगच्या चाकावर ठेवले. पाय मात्र त्याने मागे सीटखाली ओढून घेतले होते. धाकटी उघड्या दाराशी उभी राहिली, एका हातात किल्ली, दुसऱ्या हातात पिशवी.

"ब्रेकचं तेल भरलं?" त्याने विचारलं.

"भरलं."

"कुठल्या कुपीतलं?" तो समोरच बघत होता. "लाल, का हिरवी?"

किल्ली धाकटीच्या हातातून निसटून फरशीवर वाजली. तिने खाली बघितलंही नाही. दाराची कड तिने घट्ट पकडली.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

"दुसऱ्याच दिवशी कळलं. बाबांनी आणि मी मिळूनच उघडलं होतं. बाबा तिथेच खाली बसले. रडले. आई म्हणाली, पोर अकराची आहे, तिच्या कानावर जाता कामा नये. मोठी झाली की सांगू."

"मग?"

"मग तू एवढी मोठी झालीस, की सांगायची कुणाची छाती होईना."

तो हसला. धाकटीला हसता येईना, रडताही येईना.

"मला वाटायचं, बाबांनीच तुला घालवून दिलं."

"बाबा दर वेळी बसपर्यंत सोडायला यायचे. बस हलेपर्यंत उभे असायचे." त्याने चाकावरची नसलेली धूळ अंगठ्याने पुसली. "दार तर तूच लावून घ्यायचीस, धाकटे."

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. असती तर तिला सोपं गेलं असतं. भांडायची तिला सवय होती.

तिने पिशवीतून गाठोडं काढलं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं. त्याने निळ्या चौकड्या ओळखल्या, पण कापड सोडलं नाही. दोन्ही हात त्यावर ठेवून तो नुसता बसून राहिला.

मग धाकटी खाली वाकली. किल्ली उचलली, पदराला पुसली आणि त्याच्यापुढे धरली.

"सीलबंद डबा आणलाय," ती म्हणाली. "वरचं सगळं दोनदा वाचून घेतलं. माझ्या देखत भरलाय, दादा."

त्याने मान वर करून तिच्याकडे बघितलं. गाठी मोजून झाल्यावर बाबा बघायचे तसं. मग सीटखालचा उजवा पाय पुढे घेतला, पॅडलवर ठेवला आणि सावकाश दाबला. पॅडल अर्ध्यावर जाऊन थांबलं. त्याने आणखी जोर लावून पाहिलं. ते तिथेच घट्ट राहिलं.

"मग बस," तो म्हणाला, आणि हात लांब करून त्याने पलीकडचं दार आतून उघडलं.

ती आईची जागा होती. धाकटी गाडीला वळसा घालून गेली, आत बसली, दार ओढून घेतलं. दादाने किल्ली फिरवली. पहिल्या वेळी इंजिन नुसतं खाकरलं. दुसऱ्यांदा किल्ली फिरवेपर्यंत तिचा उजवा पाय आपोआप पुढे गेला होता आणि तिथे काहीही नसताना खालचा पत्रा घट्ट दाबून धरत होता.